तीन दगडांची चूल

मुलांनो, साठ सालाच्या आसपास आम्ही अकोल्यात असताना आमच्या कुंपणामागे पातूरकडची एक बाई झोपडी घालून राहायची. गावची विहीर आटली म्हणून ती जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला आली होती. स्वयंपाक मात्र कायम तीन दगडांवर. वारा सुटला की धूर थेट माझ्या वाळत घातलेल्या साड्यांत.

"अगं, मातीची चूल घाल ना," मी वैतागून म्हणायचे.

"चूल घातली का घर झालं, बाई. माह्यं घर गावाले हाये."

दुष्काळाने गाव सोडलेल्यांचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक एकदा आले. त्यांनी तिला विचारलं, "इथे कधीपासून राहता?"

"राह्यत नाई जी, थांबली हावो. तसंच लिहा."

ते हसले आणि पुढच्या झोपडीकडे वळले.

मग एका वर्षी पाऊस छान झाला. आता ही जाणार, म्हणून मी निरोपाची साडी घेऊन गेले, तर ती त्या तीन दगडांना माती लिंपून चूल घालत बसलेली.

"अगं, तुमच्या विहिरीला पाणी आलं ना?"

"आलं जी," ती मान वर न करता म्हणाली. "पन प्याले कोन हाये तिथं? सारेच कुठं कुठं थांबाले गेले."