डिझेलचा साबण

थोरल्या भावाला मी आण्णा म्हणतो. साखर कारखान्यातली फिटरची नोकरी सुटल्यावर तो मैंदर्गीला घरी आला आणि गोठ्यामागं भज्यांच्या जळक्या तेलाचं डिझेल करू लागला. हॉटेलांतनं तेल आणायचा, फडक्यानं गाळायचा, तापवून त्यातलं पाणी घालवायचा; पाणी राहिलं तर डिझेल बिघडतं, म्हणायचा. मग मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून तेलात मिसळायचा. दुसऱ्या दिवशी तळाशी काळं चिकट ग्लिसरीन बसलेलं असे आणि वर पिवळंधमक डिझेल.

विहिरीवरचं इंजिन त्यावर चाललं आणि आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दुसरा विषयच उरला नाही. बारा वर्षं शेत मी एकट्यानं कसलं होतं. "थोरल्याकडनं शिक जरा," ते जेवताना म्हणायचे, तेही माझ्या बायकोसमोर.

एकदा त्यांनी दुधनीचे पाहुणे आणि गावातले चार जण हे बघायला बोलावले. आदल्या दिवशी दुपारी आण्णा तापवलेलं तेल ड्रममध्ये कोमट व्हायला ठेवून जेवायला गेला. मी त्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते तळाला गेलं, वरून काही दिसेना. आण्णा परत आला, सोडा मिसळून ढवळत बसला.

"उद्या आबा लई खूश हुत्याल बघ."

"व्हय की," मी म्हणालो.

सकाळी पाहुण्यांसमोर त्यानं ड्रमची तोटी उघडली. थेंबही येईना. आत सगळं खरवसासारखं घट्ट झालं होतं. त्यानं कोपरापर्यंत हात घालून बघितला. सोड्यानं त्या हाताची कातडी पुढं आठवडाभर निघत होती.

"साबण केलास की रं!" वडील म्हणाले. "घे, तोंड धू आता!" आणि त्यांनी त्यातलाच एक गोळा त्याच्या गालाला फासला. सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्यानं.

"माझंच चुकलं," आण्णा म्हणाला. "तेलात पानी ऱ्हायलं असंल."

ड्रम त्यानं भंगारात घातला आणि सोलापुरात चादरींच्या गोदामावर वॉचमन म्हणून लागला.

वडील जाऊन वर्ष झालं. परवा तो जत्रेला आला, तेव्हा जेवताना मी सांगून टाकलं. त्याचा भाकरी मोडणारा हात थांबला.

"आबा हुते तवा का सांगितलं न्हाईस?"

ताट तसंच सोडून तो उठला. स्टँडपर्यंत त्याची पिशवी घेऊन मी मागं मागं चाललो. एसटी आल्यावर त्यानं ती माझ्या हातातनं काढून घेतली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला.