लाल खुर्चीत बसलेली माणसं

मंडपवाल्याचं सामान कार्यक्रमाहून परत आलं की काही ना काही कमी भरतंच. एखादी खुर्ची मोडलेली असते, सतरंजीचा कोपरा जळलेला असतो, एखादं पातेलं कुणाच्या तरी घरीच राहतं. किस्से मात्र दरवेळी जास्तीचे येतात! वारंगा फाट्यावर माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. गोदाम भरलंय ते सामानानं कमी आणि किस्स्यांनीच जास्त.

त्यातले निम्मे एकाच खुर्चीचे आहेत. लाल मखमल, सोनेरी हात, आणि पाठ अशी उंच की बसलेल्या माणसाच्या डोक्यावर दोन वीत उरावी. स्टेजवर मधोमध ती. दोन्ही अंगांना सोफे, मागं पांढऱ्या कव्हरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि खाली सतरंजी. कोण कुठं बसलाय एवढं बघा, गावात कोण केवढा ते कुणाला विचारायची गरजच नाही.

ही खुर्ची डोक्यावर घेऊन स्टेजवर चढवायची, फडक्यानं पुसायची, संपलं की उतरवायची, हे काम आमच्या लक्ष्मणमामांचं. अठरा वर्षं झाली माझ्याकडं आहेत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पण स्वतः कधी बसले नाहीत.

“मामा, एकदा बसून तर बघा!”

“न्हाई मालक. आपल्यासाठी ती उचलायची खुर्ची हाय, बसायची न्हाई.”

खरं सांगू? मी मालक, बिल माझ्या नावावर, पण मीही कधी बसलो नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

* * *

जवळा बाजारला एक कार्यक्रम होता. अध्यक्ष म्हणून मोठे पाहुणे येणार होते. दोन तास वाट बघितली, फोन लागेना. शेवटी लोक कंटाळले म्हणून सुरू केलं.

पहिला वक्ता उठला, रिकाम्या खुर्चीकडं वळून हात जोडले, “अध्यक्ष महोदयांच्या परवानगीनं दोन शब्द बोलतो.” पुढचे सातही जण तसेच! हार आणला होता, तो वाया कशाला घालवायचा म्हणून खुर्चीच्या हातावर घातला. शेवटी सूत्रसंचालकानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “अध्यक्षांनी वेळेअभावी भाषण टाळलेलं आहे.” टाळ्या पडल्या!

मामा खुर्ची उतरवायला गेले आणि स्टेजखाली चपला काढून मगच वर चढले. मी म्हटलं, “मामा, चपला काहून काढल्या?”

“समदेच पाया पडून राहिले होते मालक. मला वाटलं, असंल काही.”

* * *

कळमनुरीच्या बाजूला एका गावात दोन पुढारी होते. एकमेकांचं तोंड न बघणारे. गावकऱ्यांनी दोघांनाही अध्यक्ष करून टाकलं! आणि माझ्याकडं लाल खुर्ची एकच.

दोघांच्या गाड्या शाळेच्या दोन टोकांना उभ्या. दोघांची माणसं मला येऊन सांगतात, “आमचे साहेब त्या खुर्चीत बसले तरच गाडीतून उतरतील.” मला घाम फुटला. सोफा लावू म्हटलं, तर सोफ्याच्या उजव्या बाजूला कोण, यावर भांडण!

मामांनी शाळेच्या ऑफिसातली गणपतीची मूर्ती आणली आणि लाल खुर्चीत बसवली. दोन्ही साहेब उतरले, दोघांनी वाकून नमस्कार केला आणि दोन्हीकडं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गुमान बसले.

* * *

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. गप्पा मारताना आपल्यासारखेच, “आमी आलतो, तुमी न्हाई दिसले.” पण माईक हातात आला की वेगळाच माणूस! “उपस्थित मान्यवर, आजच्या या मंगल प्रसंगी मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.”

एकदा त्यांची आई सतरंजीवर बसली होती. म्हातारीची नजर अधू. बराच वेळ ऐकलं आणि शेजारणीला विचारलं, “कोणाचं पोरगं हाय वं हे? लई शिकलेलं दिसतंय.”

“अवं, तुमचंच हाय!”

म्हातारी मानायलाच तयार नाही. “माझं लेकरू असं बोलत न्हाई.” गुरुजी खाली उतरले आणि म्हणाले, “माय, तहान लागली, तांब्या कुठं हाय?” तेव्हा कुठं तिला खात्री पटली!

* * *

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं एका गावी सरपंचबाईंचा सत्कार होता. लाल खुर्चीकडं निघाले त्यांचे यजमान, बाई निघाल्या मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडं. मामा फडकं घेऊन मधी उभे.

“सरपंच कोण?”

“मीच समजा,” यजमान म्हणाले.

“समजून जमत न्हाई, साहेब. मालकानं सांगितलंय, बॅनरवर ज्याचा फोटो त्याची खुर्ची.” मी असलं काहीएक सांगितलं नव्हतं!

बाई बसल्या. पदर सारखा केला, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पाय रोवले आणि दोन तास हलल्या नाहीत. काय तो रुबाब! यजमान मागून बघतच राहिले. मी त्या दिवसापासून नीट बघायला लागलो, तर त्या खुर्चीत बसलेलं प्रत्येक माणूस तसंच बसतं. एका लग्नात फोटोग्राफर नवरदेवाला सांगून दमला, “हात मांडीवर घ्या, जरा मोकळे बसा.” नवरदेव म्हणाला, “असाच काढा.” मला फार नवल वाटायचं. मखमलीत असं काय असतं की माणूस ताठच होतो?

* * *

गेल्या वर्षी मामांची लेक रेखा तलाठी झाली. त्यांच्या घरात सरकारी नोकरी म्हणजे पहिलीच. गावानं सत्कार ठरवला, अध्यक्ष म्हणून तालुक्याचे एक पुढारी ठरले. रेखानं सांगून टाकलं, “अध्यक्ष माझे बाबा. नसता मी येत न्हाई.”

मामा दुकानात आले, तोंड एवढंसं झालेलं. “मालक, पोरीला समजावा. अध्यक्षाला भाषण करावं लागतंय. मला गुरुजीवाणी बोलता येतं का? गावासमोर लेकराची फजिती होईल.”

“तुम्ही बोलता तसंच बोला की.”

“तसं माईकवर बोलतात का?”



सत्काराच्या दिवशीही खुर्ची मामांनीच डोक्यावर आणली, पुसली आणि सवयीनं बाजूला सरकून उभे राहिले. रेखानं दंडाला धरलं. “बाबा, बसा.” मामा बसले. आणि बसल्याबरोबर दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, पाय रोवले, पाठ ताठ! हुबेहूब सरपंचबाई! सतरंजीवर मामींनी तोंडाला पदर लावला. माझेही डोळे भरून आले. अठरा वर्षांनी का होईना, बसले एकदाचे.

शेजारच्या सोफ्यावर ते पुढारी बसले होते. आजवर चार-पाच वेळा लाल खुर्चीत बसून गेलेले.

अध्यक्षीय भाषण पुकारलं. मामा उठले, माईक दोन्ही हातांत धरला. रेखा नखं खाऊन राहिली होती. मी मनात म्हटलं, मामा, काहीतरी बोला हो!

“मंडळी, मला भाषण येत न्हाई. अठरा वर्षं झाले, ही खुर्ची मी डोक्यावर वाहून राहिलो. लई मोठमोठे लोक हिच्यात बसले. आज पोरीमुळं मी बसलो.”

मागं वळून खुर्चीकडं बघितलं.

“हिचा मागचा पाय ढिला हाय. रिकामी असली की बराबर उभी राहते, माणूस बसला की डुगडुगते. जरा हललं की वाटतं, आता पडतो.”

सोफ्यावरचे पुढारी चष्मा पुसायला लागले.

“एवढे लोक बसून गेले. एकानंबी मला सांगितलं न्हाई. काहून?”