पालथं घमेलं

माझी नात चंद्रा रागीट आहे, हे आमच्या पाड्यावर कुणालाही विचारा. पाच वर्षांची असताना कोंबड्याने टोचलं म्हणून तिने त्याच्याशी दोन महिने बोलणं टाकलं होतं. रोज दाणे टाकायची, पण पाठ फिरवून. हा राग माझ्या बापाचा. त्याने तर एकदा चालत्या बैलगाडीतून... ते राहू द्या, चंद्राचं सांगतो.

वज्रेश्वरीच्या आमच्या बाजूने रोज सकाळी टेम्पो भरून माणसं मानकोलीला गोदामांच्या बांधकामावर जातात. बाप्ये जातात, बायाही जातात. बाप्या चार-सहा वर्षांत मिस्त्री होतो. बाई घमेलं घेऊन जाते आणि घमेलं वाहतच म्हातारी होते. आमच्याच पाड्यावरच्या पुतळाबाईने सव्वीस वर्षं सिमेंट-वाळूचा माल वाहिला. डोक्यावर चुंबळ बसते तिथले केस कधीच गेले. चंद्राने ते पाहिलं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी तिने दौलत मिस्त्रीला सांगितलं, मी थापी शिकायला, भिंत बांधायला आलेय. दौलत म्हणाला, एक वर्ष हाताखाली कर, मग बघू.

एकाची तीन वर्षं झाली. माल कालवणं, विटा भिजवणं, दोरी ताणणं, ओळंबा सोडणं, सगळं ती बघून बघून शिकली. घरी माझ्या न्हाणीची भिंत तिने दोनदा पाडली आणि दोनदा बांधली. तेवढे दिवस मी उघड्यावर आंघोळ केली आणि शेजारणी दुसऱ्या वाटेने पाण्याला गेल्या.

आता आमच्याकडच्या मिस्त्र्यांची एक रीत आहे. उस्तादाने नारळ फोडायचा आणि आपली थापी शिकणाऱ्याच्या हातात द्यायची. तशी हातात मिळाली नाही, तर तुम्ही कितीही सरळ भिंत बांधा, मजुरांच्या नाक्यावर तुम्ही बिगारीच.

यंदा होळीनंतर दौलतने नारळ फोडला आणि थापी दिली कल्पेशला. कल्पेश त्याचा भाचा, कामावर येऊन सहा महिने झालेले. चंद्राच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आला. तो ती मालात टाकणार होती, पण मालाचा काय दोष, म्हणून कुत्र्याला घातला.

त्याच आठवड्यात गोदामातल्या ऑफिसची भिंत कल्पेशकडे आली. दोन खांबांवर एका उंचीच्या खुणा करायच्या, त्यांच्यात दोरी बांधायची, दोरीला धरून थर लावायचा. खुणा करतात पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, कारण पाणी दोन्ही टोकांना सारखंच उभं राहतं. फक्त नळीत हवेचा बुडबुडा नको. तो असला की पाणी खोटं बोलतं.

एक टोक कल्पेशकडे, दुसरं चंद्राकडे. तिला बुडबुडा दिसला. तिने सांगितलं. दौलत म्हणाला, "तू नळी धर. तोंड चालवायला कुनी सांगितलं न्हाय."

तिने नळी धरली. जेवणाच्या सुट्टीत मात्र तिने पुतळाबाईला एक टोक धरायला लावलं, नळी झटकून बुडबुडा काढला आणि आपल्या टोकाकडच्या खांबावर कोळशाने वेगळी रेघ ओढली. कल्पेशच्या खुणेपेक्षा दोन बोटं खाली.

भिंत छातीएवढी झाली तेव्हा साइटच्या इंजिनिअर सुचेता मॅडम आल्या. भिंतीचा उतार आंधळ्यालाही दिसला असता. दौलतने क्षणभरही विचार न करता चंद्राकडे बोट केलं. म्हणे, नळी हिने धरली होती, बायांना काय समजतं.

संध्याकाळी हे ऐकताना मी काठी शोधायला लागलो होतो, आणि मी तर घरी खाटेवर बसलेला. चंद्रा ओरडली नाही. तिने मॅडमना कोळशाची रेघ दाखवली. मॅडमनी कल्पेशच्या टोकाकडच्या खांबावरची खूण धरून त्यांचं लाल रेघेचं यंत्र लावलं. लाल रेघ कोळशावरून गेली, केसाचा फरक नाही. मॅडम म्हणाल्या, भिंत पाडा, संध्याकाळच्या आत नवीन सुरू करा, आणि निघून गेल्या.

भिंत पडली. दौलत म्हणाला, चंद्रे, माल आण.

चंद्राने घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली. आमच्यात घमेलं पालथं घालतात ते दिवसाचं काम संपल्यावर. भर दुपारी कुणी घालत नाही. मग पुतळाबाईने तिचंही घातलं. तिच्यामागे बाकीच्या चौघींनी. माल वाळायला लागला.

दौलत शिव्या देऊन दमला. शेवटी त्याने स्वतःची थापी चंद्राच्या पायाशी फेकली. "घे, काय दिवे लावायचे ते लाव."

ती हलली नाही. म्हणाली, "थापी फेकत न्हाईत, दौलतदादा. हातात देत्यात. आनि नारल कुठंय?"

कल्पेशच दुकानात पळाला, नारळ घेऊन आला. दौलतने तो फोडला, थापी उचलली, लेंग्याला पुसली आणि तिच्या हातात दिली. तोंड असं केलं होतं की जणू दात उपटून देतोय. खोबरं चंद्राने सगळ्यात आधी पुतळाबाईला दिलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एसटीने मानकोलीला गेलो. चंद्रा कमरेएवढ्या भिंतीवर वाकलेली, आणि समोर माल घेऊन कल्पेश उभा. मला इतका आनंद झाला की भिंतीवरून हात फिरवू लागलो. विचारलं, आता तरी राग गेला का गं?

"तीन वर्सं कुनी परत देतंय का?" ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. "आनि हात काढा, आजा. ओलं हाय."