‘हो बाई’ म्हणणारा वर्ग

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आज जे झालं ते तुमच्याही वर्गात होत असेल, म्हणून लिहितेय.

मी तलासरीजवळच्या एका पाड्यावर पहिली-दुसरीला शिकवते. वादळापासून तिथे लाईट नाही आणि शाळेच्या वाटेवर विजेची तार लोंबकळतेय. तारेला हात लावायचा नाही, समजलं? असं मी दोन दिवस बजावतेय. सगळे एका सुरात, “हो बाई.”

आज एकीला विचारलं, “काय सांगितलं मी?”

ती उभी राहून म्हणाली, “हो बाई.”

ही मुलं घरी वारली बोलतात. चौथीतल्या सुनीताला बोलावून त्यांच्या बोलीत सांगायला लावलं. मग तीच मुलगी काहीतरी पुटपुटली. सुनीताने मला मराठीत सांगितलं,

“बाई, ती बोलते, आम्ही रोज तार हाताने उचलतो आणि खालून येतो.”

वायरमन म्हणाला, बघतो, पण लाईट कधीही येईल. मुलांना दुसऱ्या वाटेने सोडलं, सुनीताला घेऊन घरोघरी सांगितलं. एकच घर बंद होतं. त्या घरातली दोन मुलं मामाकडे गेलीत, उद्या परस्पर शाळेत येतील. त्याच वाटेने.

त्यांनाही मी परवा विचारलं होतं, समजलं ना?

दोघंही “हो बाई” म्हणाली होती.