फुमीआजीच्या चिपळ्या

फुमीआजी गेली हे मला वरच्या मजल्यावरच्या हेर, म्हणजे मिस्टर, क्राउसनी सांगितलं, आणि मला ते कळलंच नाही. बेल वाजली तशी मी साखळी न काढता दार फटीएवढंच उघडलं, तर हे म्हातारबाबा टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "फ्राउ फुमी इस्ट आइनगेश्लाफन." माझं जर्मन म्हणजे कोर्स अर्धवट सोडलेलं, त्यातलं 'श्लाफन' तेवढं कळलं, झोपणं. मला वाटलं बरं झालं, आठवडाभर खोकत होती बिचारी, लागली एकदाची झोप. मी हसून म्हणाले, "गूट, गूट!" झोपू द्या तिला. क्राउस बघतच राहिले माझ्याकडं. मग त्यांनी डोळे मिटून छातीवर हात ठेवून दाखवले, आणि माझं हसू तसंच तोंडावर राहिलं… इथं मरण्यालाही असं म्हणतात, मला कुठं माहीत.

त्याला महिना होऊन गेला. हे मी फोनमध्ये बोलून लिहितेय, दहावीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही, चुकेल ते सांभाळून घ्या. आणि माझं नाव छापू नका, का ते पुढं कळेल.

आमचे हे आयटीआयचे फिटर, जर्मनीत र्युसेल्सहाइमला कामाच्या व्हिसावर आले, मागून मी आणि आमची अन्वी. समोरच्या दारात फुमीआजी. जपानची. नवरा जर्मन होता, तो कधीच वारलेला, मूलबाळ नाही. आम्ही आलो त्या दिवशी ती शेवयांसारखं काहीतरी पातेल्यात घेऊन आली आणि सोप्या जर्मनमध्ये, हातवारे करत (आमचं बोलणं कायम असंच) म्हणाली, आमच्याकडं नवीन येणारा माणूस शेजाऱ्यांना हे देतो, तू काही आणलं नाहीस, म्हणून मीच आणलं. माझी मान खाली गेली, तर ही खुसुखुसू हसतेय.

दिवेलागणीला जिन्यात आवाज यायचा, टक्… टक्. फुमीआजी दोरीनं बांधलेले दोन लाकडी दांडके एकमेकांवर वाजवत तळमजल्यापासून वर चढायची आणि बारीक आवाजात म्हणायची, "हि नो योजिन." मला वाटलं ह्या चिपळ्याच, जपानी लोकांचं भजन असणार. सांजेची वेळ, देवाचं नाव, म्हणून मी रोज दार उघडून हात जोडायचे, अन्वीलाही जोडायला लावायचे. आजी कमरेत वाकायची आणि पुढं जायची. शनिवारी मी प्रसाद म्हणून शिराही द्यायचे. असं किती महिने चाललं, मग एकदा धीर करून विचारलं, आजी, तुमचा देव कोण? ती म्हणाली, "कसला देव? मी आगीचं सांगते." आगीला जपा, एवढाच त्याचा अर्थ! शेगडी बंद केली का, दिवा विझवला का. आणि तिला वाटत होतं मी हात जोडते म्हणजे 'आमच्याकडची आग विझली' असं कळवते. इतकी हसली, इतकी हसली की पायरीवरच बसली. "मला वाटायचं, इंडियात किती शिस्त आहे!"

त्या दांडक्यांची गोष्ट तिनं मला तुकड्या-तुकड्यानं सांगितली. तिची गल्ली तोक्योमध्ये कालव्याकाठी, इतकी अरुंद की छत्री उघडली की दोन्ही बाजूच्या भिंतींना लागायची. दारादारात फुलांच्या कुंड्या, सकाळी तोफूवाला शिंग फुंकत यायचा, आंघोळीला सगळी गल्ली एकाच न्हाणीघरात. आपलं दार झाडताना शेजारणीचंही हातभर झाडायचं, जास्त नाही, नाहीतर तिला वाटेल टोमणा मारतेय. पाऊस आला तर जी घरी असेल ती सगळ्यांचे कपडे आत घेणार. कुणाच्या घरात काय शिजतंय, कोण रडतंय, सगळं सगळ्यांना माहीत. घरं लाकडाची आणि कागदाची, म्हणून रोज संध्याकाळी तिचे आजोबा हे दांडके वाजवत फिरायचे आणि आतून प्रत्येक घरानं ओ द्यायची.

युद्धाच्या शेवटच्या वर्षी वरून विमानांनी आग ओतली. फुमीआजी सात-आठ वर्षांची. ती म्हणायची, वाऱ्यानं आग जमिनीवरून पळत यायची, कुत्र्यासारखी. धुरात काही दिसत नव्हतं, आजोबा पुढं दांडके वाजवत आणि सगळी गल्ली त्या आवाजामागं. पुढच्या मुलीच्या डोक्यावरची कापसाची टोपी पेटली, ती पळत सुटली आणि कुणाला धरताच आली नाही. लोक कालव्यात उड्या मारत होते आणि पाणी उकळत होतं. पुलावर पोचल्यावर कुणीतरी तिच्या आईला ओरडलं, बाई, पाठीवरचं मूल बघा… आईनं पाठीवरून सोडून बघितलं आणि ते गेलेलं तान्हं परत पाठीला बांधलं. हे सांगताना फुमीआजी चहात साखर ढवळत बसायची, ढवळतच बसायची. आजोबांनी पुलावर माणसं मोजली, एक घर कमी. चटईवाल्याची बाळंतीण बायको, तिचं दार उघडलंच नव्हतं. त्यांनी दांडके फुमीच्या गळ्यात घातले, म्हणाले, वाजवत राहा, मी आवाजावर परत येतो. ती वाजवत राहिली, हातातून रक्त येईपर्यंत वाजवत राहिली. आजोबा आले नाहीत.

"म्हणून मला बंद दार चालत नाही," ती म्हणायची.

आता आमच्या घरचं सांगते. हे मारायचे. मारायच्या आधी खिडक्या लावून घ्यायचे, कारण इथल्या लोकांना आवाजाची फार चीड, लगेच तक्रार करतात. आणि मीसुद्धा तोंडात ओढणी कोंबायचे, शेजारी काय म्हणतील. सासूबाईंना एकदा व्हिडिओवर गालावरचा वळ दाखवला तर म्हणाल्या, "अगं, पुरुषाचा हात उठतो कधी कधी. तिकडं कुणाला कळतंय?" खरंच होतं, कुणाला कळणार.

त्या संध्याकाळी मी भाजी फोडणीला टाकली होती आणि एवढंच म्हणाले की अन्वी किटाला, म्हणजे इथल्या बालवाडीला, जायला लागली, तर मी परत कोर्सला जाते. "इथलं वारं लागलं का तुला?" असं म्हणून ह्यांनी माझे केस धरले आणि डोकं कपाटावर आपटलं, एकदा, परत एकदा, आतल्या वाट्या खळाखळा खाली आल्या. मी म्हणाले, "अहो, पोरगी बघतेय!" तर म्हणाले, "बघू दे, शिकेल." मग कढई ढकलून दिली आणि माझा हात धरून विजेच्या शेगडीच्या तापलेल्या प्लेटवर दाबला. कातडं चरचरलेलं मला ऐकू आलं, माझं मलाच… आणि तेवढ्यात बाहेर टक्, टक्. हि नो योजिन.

ह्यांनी माझं तोंड दाबलं. कानात म्हणाले, "गप्प. म्हातारी जाईल निघून."

म्हातारी गेली नाही. मी दार उघडलं नाही, हात जोडले नाहीत, म्हणजे आमच्याकडची आग विझली नव्हती. टक् टक् टक् टक्, आता जोरात, सगळा जिना दणाणला. वरून हेर क्राउस ओरडले, "रुहे!" शांतता पाहिजे त्यांना, एरवी जिना झाडायची पाळी कुणाची यावरून रोज आजीशी भांडणारे. आजी त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडली, "फॉयर!" आग! "कुठंय?" "इथं! ह्या दारामागं!" धडाधड दारं उघडली, माणसं खाली आली, कुणीतरी खांद्यानं धक्के मारायला लागलं. ह्यांनी केस नीट केले, दार उघडलं आणि हसून म्हणाले, "आल्लेस गूट." सगळं ठीक.

फुमीआजी ह्यांच्या कोपराएवढी, ती हाताखालून आत शिरली. आधी शेगडीचं बटण बंद केलं. मग माझा तळहात बघितला. मग ह्यांच्या आणि माझ्या मधे उभी राहिली आणि ते दांडके ह्यांच्या नाकासमोर वाजवायला लागली, टक् टक् टक्, बोलत काही नाही, नुसती वाजवतेय, पोलिस येईपर्यंत थांबली नाही. हेर क्राउस दारात हात पसरून उभे. ह्यांनी एक पाऊलही टाकलं नाही. अन्वीनं कान झाकले होते.

कोर्टानं ह्यांना इथं यायला मनाई केलीय. सासूबाई म्हणतात, घरातलं जिन्यात नेलंस. हे फ्रांकफुर्टकडं मित्राजवळ राहतात, पण मागच्या आठवड्यात खाली सायकली लावतात तिथं उभे होते, वर बघत… मला अजून लिहिताना 'हे'च येतं बघा. बेल वाजली की आधी साखळी बघते. फुमीआजी होती तोवर वाटायचं समोर कुणीतरी जागं आहे.

शेवटच्या आठवड्यात तिला चढवेना. तिनं दोरी माझ्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "तू चढ. मी ऐकते." मी म्हणाले, आजी, मला भीती वाटते जिन्यात. "मलाही वाटायची. भीतीनं चांगलं वाजतं." मी वाजवत तिच्या दाराशी आले की ती आतून भिंतीवर टकटक करायची. विझली.

आता संध्याकाळी मी चढते. भाजलेल्या हातात दांडका नीट बसत नाही, कातडी ओढते. तळमजल्यावरची पोरं दार उघडून अंगठा दाखवतात. क्राउस म्हणतात, "आउस, आउस," विझलीय. एकच दार उघडत नाही, आजीचं, तिथं मी जरा जास्त वाजवते. मग आमच्या दारात अन्वी हात जोडून उभी असते आणि जर्मनमध्ये सांगते, "मामा, फॉयर इस्ट आउस." इथं आईला मामा म्हणतात. काल तिथं उभी राहून मी खाली जिन्याच्या दाराकडं बघत होते, काचेबाहेर कुणीतरी आहे असं वाटलं, हात थांबला. तर वरून क्राउस कठड्यावरून वाकले, तेच रुहेवाले, आणि ओरडले, "लाउटर!"

मोठ्यानं.

मी वाजवलं. रस्त्यावर ऐकू जाईल एवढं.