साडूभाऊंचं उन्हाशी वाकडं

सूर्याचा इतक्या मनापासून विचार करणारा माणूस माझ्या साडूशिवाय अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सूर्यनमस्कार घालणारे पुष्कळ आहेत, पण ते नमस्कार घालून मोकळे होतात. साडूभाऊ दिवसभर त्याच्यावर पाळत ठेवून असतात. तो आता कुठं आहे, ढगाआड गेला तर खरंच गेला की नुसता गेल्यासारखं करतोय, समोरच्या पत्र्यावरून उलटा अंगावर येतोय का, याची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. डोंगरकड्याला त्यांची हळद आहे, केळी आहेत, आणि या सगळ्यावर असं ऊन आहे की उन्हाळ्यात दुपारी शिवाराकडं पाहिलं तर झाडं, गाड्या, माणसं पाण्यात बुडून हलताना दिसतात. अशा ठिकाणी शेतकऱ्यानं उन्हाशी वाकडं घ्यायचं म्हणजे पोस्टमननं पत्त्यांशी घेण्यासारखं आहे. बरं, शिजवलेली हळद वाळायला ऊन तर लागतंच. साडूभाऊ पळसाच्या सावलीत उभे राहून वर बघतात आणि म्हणतात, "हळदीवर पड म्हणलं तर बराबर पडून राहिला, मग माझ्याच मागं काहून लागतो बाबा तू?"

सकाळी रानात निघतानाचा त्यांचा थाट पाहून नवा माणूस वाट सोडून उभा राहतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मानेवर सोडलेलं उपरणं, त्यावर रुंद काठाची टोपी, आणि या सगळ्यातून उरलेल्या चेहऱ्यावर सनस्क्रीनचा असा थर, की रंगारी भिंतीला चुन्याचा पहिला हात देऊन जेवायला गेलाय असं वाटावं. दोन बोटं भरून घ्यायचं, हा त्यांचा नियम. ट्यूब ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांच्या शेजारी असते, तापू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. घामानं मलम उतरतं, म्हणून दुपारी पुन्हा लावायचं. बाकीच्यांच्या रानात चहाची सुट्टी होते, यांच्या रानात मलमाची होते. त्यांच्या जोडीतल्या एका बैलाचं नाकाड गुलाबी आहे, ते उन्हाळ्यात सोलवटतं. हे ध्यानात आल्यापासून बैलालाही रोज लागतं. टोपण उघडलं की बैल आपण होऊन मान पुढं करतो, असं साडूभाऊ सांगतात; माझ्यासमोर तरी त्यानं टोपण खाल्लं.

एसटीनं हिंगोलीला आमच्याकडं येतात तेव्हा ते डाव्या बाजूलाच बसतात, कारण सकाळी ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी परत जाताना गाडी फिरते, सूर्यही फिरतो, आणि पुन्हा डावीच बाजू सावलीची ठरते. या योगायोगाचं त्यांना इतकं कौतुक आहे की ते शेजारच्या प्रवाशाला हमखास समजावून सांगतात. एकदा रस्त्याचं काम चालू होतं म्हणून गाडी आडवळणानं गेली. प्रत्येक वळणाला साडूभाऊ उठून पलीकडच्या बाकावर, पुढच्या वळणाला पुन्हा अलीकडं. शेवटी कंडक्टरनं त्यांना विचारलं, काका, काही हरवलं का. त्यांचं पाहून मागचे दोघंतिघंही सरकायला लागले होते. कुणालाच कारण माहीत नव्हतं.

लोकांना वाटायचं, या माणसाला म्हातारपणी गोरं व्हायचा नाद लागला. साडूभाऊ आपल्या रानातल्या मातीसारखे काळेभोर आहेत आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. "रंग आपला देवानं दिलेला, त्याला हात लावायचा न्हाई," ते म्हणायचे. "जळू द्यायचं न्हाई एवढंच."

हे वेड काही उपजत नव्हतं. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांच्या दोन्ही गालांवर वांग आलं होतं. चहा सांडून वाळावा तसे तपकिरी डाग. वर्षानुवर्षं उन्हात हळद काढायची, कढईच्या वाफेपुढं उभं राहायचं, त्याचं ते. तेवढ्यानं भागलं असतं, पण आखाडा बाळापूरच्या बाजारातून कुणीतरी त्यांना चेहरा उजळायची ट्यूब आणून दिली. थोडे दिवस गाल असे चमकले की शेजारणी विचारायला यायच्या. मग आग व्हायला लागली, आणि डाग गेले ते दुप्पट होऊन परतले. तेव्हापासून आक्कांनी तोंडावर पदर घेतला. वास्तुशांती असो की बारसं, फोटोत आक्का म्हणजे एक लुगडं आणि वर दोन डोळे. त्यांची एकुलती एक पोरगी पुण्यात नोकरी करते. तिचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात धरायचं ठरलं तेव्हा तिनं ना दागिन्यांचं काही सांगितलं, ना साड्यांचं. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "माय, लग्नात मला तुझं तोंड दिसलं पाहिजे. पदराआड राह्यलीस तर मी सासरच्या गाडीत बसणार न्हाई."

त्या दिवसापासून साडूभाऊंना दुसरं काही सुचेना. त्यांनी आक्कांना नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी बाजारातली ट्यूब आधी कचऱ्यात टाकायला लावली, रात्री लावायचं औषध आणि दिवसा लावायची सनस्क्रीनची ट्यूब दिली, आणि बजावलं की वांग पुसलं जात नाही, हळूहळू फिकं होतं. पण उन्हापासून जपलं नाही तर सगळं पाण्यात. आक्का घरी येऊन रडल्या. तोंडाला पांढरं फासून रानात गेले तर बाया हसतील, मी न्हाई लावायची, असं त्यांनी निक्षून सांगितलं. साडूभाऊंनी ती सनस्क्रीनची ट्यूब घेतली, आरशासमोर उभे राहिले आणि स्वतःच्या तोंडाला चोपडली. "आधी मला हसू दे सगळ्यांला," ते म्हणाले. "हसून दमले की मग तू लाव."

गाव हसलं. मीही हसलो, त्यात मी कुणाच्या मागं नव्हतो. पण महिन्या-दोन महिन्यांत गावाला दुसरे विषय मिळाले, आणि आक्का त्या पांढऱ्या धन्याच्या मागून पांढऱ्या गालांनी रानात जायला लागल्या तेव्हा कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. उलट कामावरच्या बायाच विचारायला लागल्या, मालक, आम्हालाबी बोटभर द्या की.

मी रविवारी जायचो. दुपारी साडूभाऊ मला केळीच्या बागेत खाटेवर नेऊन आडवं पाडायचे. तिथला उजेड हिरवा असतो. पानं एकमेकांवर घासून पाऊस पडल्यासारखा आवाज करतात, जमीन थंडगार असते, आणि बोलता बोलता शब्द कुठं संपले आणि झोप कुठं लागली ते कळत नाही. अर्धवट झोपेत त्यांचा आवाज यायचा. डावा गाल निम्मा झाला. नाकावरचं अजून हटत नाही. परवा तिनं चुलीपाशी पदर खांद्यावर घेतला होता, मी काही बोललो नाही, बोललो असतो तर परत वर गेला असता. मी हं म्हणायचो. बागेबाहेर ऊन नुसतं थरथरत असायचं, आणि मला वाटायचं, हा माणूस सावलीसुद्धा पेरतो आणि काढतो.

आता माझ्या अकलेविषयी. एवढ्या सगळ्या जपणुकीत आक्कांचे डाग तर फिकट झालेच, पण साडूभाऊंची कातडी अशी तुकतुकीत झाली की माझी बायको मला त्यांच्या शेजारी उभं करून बघायला लागली. मी जन्मभर हिंगोलीतल्या एका कचेरीत पंख्याखाली बसलेला माणूस, वयानं त्यांच्याहून लहान, आणि एका लग्नात कुणीतरी मला त्यांचा थोरला भाऊ समजून पाया पडलं. ते माझ्या जिव्हारी लागलं. मी कुणाला न सांगता नांदेडला जाऊन चेहऱ्याचा पील करून घेतला. पील म्हणजे तोंडाला एक औषध लावतात आणि वरची कातडी हळूहळू गळून खालून नवी येते. दवाखान्यातल्यांनी मला तारीख विचारली, मी आक्कांच्या पोरीच्या लग्नाच्या आधीचीच सांगितली, कारण मला ताजाताजा चेहरा घेऊन मांडवात उतरायचं होतं. घरात लग्न आहे हे मात्र मी सांगितलं नाही. ऊन टाळा, साबण नको, चेहऱ्याला काही चोळू नका, एवढं त्यांनी बजावलं. मी आज्ञाधारक मुलासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याला हळदीच्या कार्यक्रमाला जाऊन बसलो.

नवरीच्या अंगाची हळद उतरली की ती तिच्या आईबापाला लागते, आणि आईबापाचं झालं की आमच्याकडच्या बायांचे डोळे जावई शोधतात. त्या अंगणात आक्कांच्या माहेरचा मोकळा जावई मी एकटा. आक्कांची जाऊ ओंजळ भरून आली. मी नको म्हणालो. काहून नको, तिनं विचारलं. पीलचं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर तोंड जातं. मी म्हणालो, मला हळद सोसत नाही. जिथं घराघरात हळदीची पोती रचलेली, तिथं हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. "हळदीनं कुठं काही होतंय व्हय?" असं म्हणून तिनं ती नव्या पिकाची, घरची दळलेली हळद माझ्या कोवळ्या गालांवर अशी रगडली की मला दुपारीच तारे दिसले. मी मोरीकडं धावलो आणि जे करायचं नाही तेच केलं, साबण घेतला. साबण लागला की हळद लाल होते हे तिथल्या लेकरांनाही ठाऊक आहे. मी बाहेर आलो तेव्हा जणू अख्खा कुंकवाचा करंडा तोंडावर सांडलेला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी कातडी पापुद्रे होऊन सुटायला लागली. साडूभाऊंनी एका नजरेत सगळं ओळखलं. कुणाला काही न बोलता त्यांनी मला साधं मलम लावलं, पांढरा टॉवेल डोक्यावरून दिला, आणि मांडवातल्या सगळ्यात गडद सावलीत नेऊन बसवलं.

त्या कोपऱ्यात आधीच कुणीतरी होतं. आक्का. साडूभाऊंनी वर्षभर जपलेले ते गाल आता इतके निवळले होते की माहीत नसलेल्याला दिसलेही नसते, पण मांडव माणसांनी भरला तसा त्यांचा हात सवयीनं वर गेला आणि पदर पुन्हा नाकापर्यंत आला. स्टेजवरून पोरगी सारखी इकडं बघत होती. साडूभाऊ लांब उभे राहून टोपीचा काठ चुरगळत होते. आग्रह करावा तर बायको आणखी आत जाईल, गप्प बसावं तर पोरीचा शब्द. फोटोवाला दोनदा बोलावून गेला. आणि आम्ही दोघं, एक पदराआड, एक टॉवेलाआड, ऊस चोरताना धरल्यासारखे बसलेलो.

आक्कांनी हळूच विचारलं, लई आग होऊन राहिली का पाव्हणे. मी म्हणालो, आग कमी, लाज जास्त. त्या म्हणाल्या, बघू. मी टॉवेल जरासा उघडला. आधी त्यांचे डोळे मोठे झाले, मग खांदे हलायला लागले, आणि मग त्या अशा हसल्या की पदर तोंडात धरावा लागला, आणि धरताना तो गालावरून घसरला. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "तुमचं तर आठ दिसांत जाईल हो. अन्‌ तुमीच लपून बसले?"

"मग चला," मी म्हणालो. "तुमच्याशेजारी मी उभा राहिलो तर तुमच्याकडं कोण बघतंय?"

त्या उठल्या. पदर खांद्यावर घेतला, खोचला, आणि भरल्या मांडवातून स्टेजकडं निघाल्या. मागून मी, लाल, पापुद्रे सुटलेला, टॉवेल हातात. लोकांनी माझ्याकडंच पाहिलं, हे मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी सामाजिक कार्य समजतो. पोरीनं आईचे गाल दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. फोटोवाल्याला त्या वेळी काय मिळालं ते मिळालं.

पाठवणी भर उन्हात झाली. मुहूर्त लांबला, जेवणं लांबली, आणि गाडी निघाली तेव्हा वर नुसती भट्टी होती. आक्का मांडव सोडून पार रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या, उघड्या डोक्यानं, उघड्या तोंडानं. मलम केव्हाच रडून वाहून गेलं होतं. वर्षभराची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर करपताना दिसत होती. मी साडूभाऊंच्या कानाशी लागलो, अहो, ऊन. ते हलले नाहीत. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "लेकरू पाहून राहिलं तिच्याकडं."

गाडीच्या मागच्या काचेत पोरीचं तोंड होतं. गाडी लहान झाली, रस्त्यावरच्या त्या खोट्या पाण्यात शिरली, थोडी तरंगली आणि विरघळली. तरी ते दोघं तिथंच उभे होते.

पावसाळ्यात वांग पुन्हा वर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू करू. माझे गाल आठ दिवसांत नवे झाले आणि पुढच्या आठ दिवसांत जुने. मध्यंतरी एका सकाळी मी डोंगरकड्याला जरा लवकर पोचलो. घर आता फार शांत असतं. ओसरीवर दोघं समोरासमोर बसून तोंडाला लावत होते. आरसा लागत नाही त्यांना. आक्का साडूभाऊंकडं बघून सांगत होत्या, कानामागं राह्यलं तुमचं. साडूभाऊंनी कान पुसून घेतला, मग बोट पुढं केलं आणि त्यांच्या गालावरचं, जिथं ते आधीच लागलेलं होतं तिथलं, पुन्हा एकदा सावकाश सारखं केलं. मी बाहेर चपला काढत थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग उगीचच खाकरलो.