नंबर वनची साखर

बेसमेंट आवरताना गुंडाळलेलं एक पोस्टर हाताला लागलं आणि कॅनडातल्या मिल्टनमधला आमचा पहिला हिवाळा आठवला. पुण्याहून येऊन चारच महिने झाले होते. चौदा वर्षांची लेक शाळेतून आली की थेट बेसमेंटमध्ये जायची आणि एका अमेरिकन रॅपरची गाणी लावून बसायची. त्याचे ठोके माझ्या ओट्यापर्यंत यायचे. ‘बंद कर ती बडबड,’ एवढंच आमच्यात बोलणं उरलं होतं. त्या दुपारी मात्र ती धावतच वर आली, डोळ्यांत पाणी. “मॉम, ही इज नंबर वन!” मग अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, ती बोलतच सुटली. पहिला अल्बम त्यानं म्हणे कोटांच्या कपाटात बसून रेकॉर्ड केला होता, पुढचे दोन कुणी ऐकलेसुद्धा नाहीत, रेकॉर्ड कंपनीनं काढून टाकलं, आणि हा चौथा थेट अल्बमच्या चार्टवर पहिला. आमच्याकडे चांगली बातमी आली की आधी देवापुढे साखर ठेवतात. माझा हात सवयीनं डब्याकडे गेला. “फॉर अ रॅपर?” ती हसायलाच लागली. “कष्ट केलेत ना त्यानं,” मी म्हटलं, देवापुढे साखर ठेवली आणि तिच्या तळहातावरही चिमूटभर दिली, “आता लाव ते गाणं, मलाही ऐकू दे.” आता ती शिकून मोठी झालीय, गेले सहा महिने टोरांटोत नोकऱ्यांसाठी अप्लाय करतेय. त्या रॅपरचं पोस्टर हातात असतानाच तिचा फोन आला. हॅलोसुद्धा न म्हणता ती म्हणाली, “आई, आधी साखर ठेव.”